पॅनेलच्या पाठीवरची खूण

६ ऑक्टोबर २०२५, सोमवार, सकाळी १०.४०

लाल डब्याच्या त्रेचाळीस इंची टीव्हीचं मागचं झाकण काढत होतो. सहा स्क्रू निघाले होते, सातव्याचं डोकं घासलेलं होतं. तेवढ्यात बाहेर टीव्ही फुटला. टीव्हीची काच खिडकीसारखी खळकन वाजत नाही, ओलं लाकूड मोडल्यासारखा आवाज येतो. मला तो भिंतीपलीकडूनही कळतो.

रस्त्याच्या या बाजूला उदाराम भाऊंचं शोरूम, समोर दुर्गाप्रसाद सेठचं. कंपन्यांची नावं देवरीत कोणी घेत नाही. भाऊंकडचा टीव्ही लाल डब्यात येतो, सेठकडचा निळ्या. लोक विचारतात, लाल घेतला का निळा? सेठने आज सकाळी बॅनर लावला — "असली पॅनेल फक्त इथे. समोरच्या नकली काचेपासून सावध." भाऊंचा भाचा टिंकू रस्ता ओलांडून गेला, बॅनरचाच बांबू उपसला आणि दारात लावलेल्या निळ्या टीव्हीवर घातला.

मोनू मध्ये पडला. मोनू सेठकडे फिटर आहे, घरोघरी जाऊन भिंतीवर टीव्ही बसवतो. आम्ही नववीपर्यंत एका बाकावर होतो. दुसरा फटका त्याच्या तोंडावर बसला. तो पायरीवर टेकला, तोंडात बोट घालून दात काढला आणि तळहातावर ठेवून बघत राहिला.

टिंकू म्हणाला, "सांग तुह्या सेठले. बॅनर काढ म्हना, नाही त दुकानच काढतो."

मी शोरूमच्या दारात उभा होतो. स्क्रूड्रायव्हर हातात होता. आत गेलो आणि सातवा स्क्रू काढला.

दुपारी मोनू मागच्या दाराने आला. बादलीतल्या पाण्याने तोंड धुतलं. पाणी लाल झालं ते त्यानेच गल्लीत फेकलं. म्हणाला, "दात वारंटीत बदलून भेटते का बे?" हसला, आणि पुन्हा रक्त आलं.

७ ऑक्टोबर

माझी दुरुस्तीची खोली भाऊंच्या शोरूमच्या मागे आहे. खोली त्यांचीच. पुढचं दार शोरूममध्ये उघडतं, मागचं गल्लीत. लाल टीव्ही पुढून येतात. निळे मोनू मागून आणतो, चादरीत गुंडाळून. देवरीत हे काम करणारा दुसरा कोणी नाही, सेठला नाहीतर प्रत्येक टीव्ही गोंदियाला पाठवावा लागेल.

भाऊंनी खोली देताना म्हटलं होतं, "निळा टीव्ही अथी दिसला त हात तोडीन." सेठने मोनूबरोबर निरोप पाठवला होता, "हमारे पीस में लालवाले का एक स्क्रू भी लगा, तो उंगली काट दूंगा." भाऊंनी हसत म्हटलं, मोनूनेही निरोप हसतच सांगितला. मी हसलो नाही.

आज लाल आणि निळा शेजारी शेजारी उघडे पडले होते. पॅनेलच्या, म्हणजे काचेच्या पडद्याच्या, पाठीला पत्रा असतो आणि पत्र्यावर कारखान्याने चिकटवलेला कागद. दोन्ही कागदांवर नंबर एकच. अक्षर नि अक्षर जुळवून पाहिलं. मग भिंग घेऊन पुन्हा पाहिलं.

नागपूरच्या मनिराम काकांना फोन केला. ते पॅनेल विकतात. पहिल्यांदा बोललो तेव्हा मी कंपनीचं नाव सांगू लागलो, तर म्हणाले होते, "बाप्पा, डब्याचं नाव मले नको सांगू. पाठीवरचा नंबर सांग." सगळे मेकॅनिक पॅनेल असंच मागवतात. आज विचारलं, हे असं कसं?

ते म्हणाले, "अरे, काचेचे कारखाने जगात बोटावर मोजाएवढे. एक उभा कराले एवढा पैसा लागते का तुमची देवरी अन् आमगाव इकलं तरी पाया भरनार नाही. मंग तो काय एकाच कंपनीसाठी मशीन फिरवन? हिनं माल कमी उचलला त तिले देते. मशीन थांबली त मेला तो. तुमचे लाल-निळे रस्त्यावर गचांड्या धरतेत, अन् त्याईच्या कंपन्या ऑर्डर देयाले एकाच दारात उभ्या रायतेत. ज्या कंपनीचा सोताचा काचेचा कारखाना आहे, ते बी दुश्मनाले काच इकते."

"मग फरक काय?"

"बोर्ड वेगळा. आतलं सॉफ्टवेअर वेगळं, आवाज वेगळा. डब्बा वेगळा. अन् कधी कधी एकाच कंपनीच्या दोन लॉटमंदी दोन कारखान्याची काच निघते. म्हनून म्हंतो, नंबर सांग."

मी विचारलं, हे टिंकूला सांगू का?

"सांग ना. पन आंधी दात मोजून ठेव."

९ ऑक्टोबर

बॅनर अजून आहे. मोनूला चावता येत नाही, पेज पितो.

११ ऑक्टोबर

भाऊंच्या व्याह्यांचा टीव्ही चिचगडहून आला होता. नातवाने पितळेचा लोटा फेकून मारलेला. पॅनेल मेलं. भाऊ म्हणाले, "असली कंपनीचंच टाकजो. बाजाराच्या दिवशी इवाई घ्याले येते. माही इज्जत आहे."

मनिराम काकांकडे त्या नंबराचं एकही पॅनेल नाही. दिवाळीमुळे सगळं उचललं गेलं. आठ-दहा दिवस लागतील म्हणाले.

खोलीत एक निळा पडून होता. विजेने बोर्ड जळालेला, मालकाने सोडून दिलेला. सेठने मोनूला भंगारात द्यायला सांगितलं होतं, मोनूने माझ्याकडे टाकला. पॅनेल धडधाकट. नंबर तोच. मोनूला विचारणार होतो, पण तो दोन दिवस आला नाही.

टाकलं. बोर्ड लाल, पॅनेल निळं. चालू केलं तर चित्र स्वच्छ. भाऊ येऊन पाहून गेले. म्हणाले, "पाय, याले म्हंतेत असली पॅनेल. निळ्यात येन का असं?"

मी म्हणालो, "नाही भाऊ." नागपूरहून आलं असं सांगितलं.

एक गोष्ट राहिली. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक टीव्हीच्या पॅनेलच्या पाठीवर सेठ निळ्या ऑइलपेंटने "दु. प्र." लिहितात. गोंदियात एका मेकॅनिकने त्यांची चांगली पॅनेलं काढून घेतली होती, तेव्हापासून. या पॅनेलवरही ती खूण आहे. थिनरची बाटली उघडली आणि परत बंद केली. खूण नेमकी बोर्डाकडून काचेला जाणाऱ्या पातळ पट्टीच्या वर आहे. थिनर ओघळला तर पट्टी काचेपासून सुटते आणि पडद्यावर उभी रेघ येते. खरवडावं तर पत्र्याचा चुरा बोर्डावर पडतो. इतकं चांगलं बसलेलं काम बिघडवायची इच्छा झाली नाही. झाकण लागलं की आत कोण बघतो.

झाकण लावलं. सगळे स्क्रू नीट आवळले.

१४ ऑक्टोबर

क्रमाने लिहितो. क्रमाने लिहिलं तरच लिहिता येईल.

आज बाजार होता. भाऊंनी शोरूमसमोर टेबल मांडलं आणि माइक आणला. म्हणाले, "आज साऱ्याईसमोर टीव्ही खोलून दाखवतो. सेठचा बॅनर खोटा करतो." मला बोलावलं. टेबलावर व्याह्यांचा टीव्ही होता.

मी हळूच म्हणालो, "भाऊ, नवा डब्बा उघडू."

"नवा खोलला त कंपनी वारंटी देत नाही. हा खोललेलाच आहे. चाल."

व्याही पहिल्या खुर्चीवर बसले होते, डोक्यावर नवी टोपी. समोरच्या पायरीवर सेठ. मी एकेक स्क्रू काढत होतो आणि प्रत्येक स्क्रू डबीत ठेवत होतो. भाऊ माइकवर म्हणाले, "हा आमचा मेकॅनिक गजेंद्र. लई बारीक काम करते. म्हनून उशीर लागून रायला." लोक हसले. झाकण उचललं आणि मी खुणेसमोर उभा राहिलो. भाऊंनी मला खांद्याला धरून बाजूला केलं.

भाजीवाल्या सुशिलाबाई पुढेच होत्या. त्यांनी मोठ्याने वाचलं, "दु. प्र. — हे कोन होय वो?"

 मग समोरून सेठचा आवाज आला. "अरे उदाराम! मेरा ही माल मेरे सामने बेच रहा है?" ते हसता हसता खोकायला लागले. अख्खा बाजार हसला. व्याही उठले, टोपी काढून खिशात घातली आणि टीव्ही न घेता बसच्या दिशेने निघून गेले.

भाऊंनी टेबलाला लाथ मारली. टीव्ही तोंडावर पडला. त्यांनी त्याच्या पाठीवर बूट ठेवला आणि पत्रा वाकेपर्यंत तुडवत राहिले. आत काच मोडताना मला ऐकू येत होती. मग माझी कॉलर धरून खोलीत नेलं. कानाखाली मारली, मग दुसऱ्या बाजूला. माझं डोकं रॅकवर आपटलं.

"कोनं केलं?"

मी रॅकला धरून उभा राहिलो. मग तेच म्हणाले, टिंकूकडे बघून, "हा करन त लपवून करन. याच्यात एवढा दम नाही. हे दाखवाले केलं आहे कोनंतरी. माहा इवाई उठून गेला." माझ्याकडे वळले. "मागच्या दारानं कोन येते?"

मी म्हणालो, "मोनू येतो."

खोटं नाही बोललो. मोनू येतोच. एवढंच बोललो, पुढचं बोललो नाही.

टिंकूने भिंतीशी टेकवलेला लोखंडी स्टँड उचलला, भिंतीवर टीव्ही टांगायचा, आणि मोटरसायकल काढली.

मोनूचा नंबर काढला. लावला नाही. लावला असता तर त्याने विचारलं असतं, काऊन?

१५ ऑक्टोबर

चिचगड रोडवर, नाल्याच्या पुढे. टीव्ही बसवून परत येत होता. तिघे होते. एकाने पाय धरले, एकाने हात. टिंकूच्या हातात स्टँड. धानाच्या बांधीत पडलेला गुराख्याला दिसला. धान कापणीला आलं होतं, तेवढी जागा आडवी झाली होती म्हणून दिसला.

सगळं ऐकलेलं लिहितो आहे. मी पाहिलेलं नाही. पण स्टँडला चार टोकं असतात आणि ती कशी असतात ते मला माहीत आहे. गेल्या महिन्यात मीच ती कानशीने साफ केली होती.

१६ ऑक्टोबर

गोंदियाच्या दवाखान्यात गेलो. मोसंबी नेली. मोनूचा डावा डोळा गेला. डॉक्टरांनी काढला. दोन बरगड्या मोडल्या आहेत.

भूमिका, त्याची बायको, उशाशी बसली होती. म्हणाली, "गजूभाऊ, तुमी त तथीच रायता. ह्याईचं नाव कोनं सांगितलं हो त्याईले?"

मोनू म्हणाला, "त्याले कायले इचारतेस? तो भेव्वाड आहे, साऱ्याईले भेते." मग माझ्याकडे बघितलं, मान पूर्ण वळवून. "तुले बी मारलं का बे?"

गाल सुजलेला होता. मी "हो" म्हणालो.

"पाय भूमिका, याले बी मारलं." थोड्या वेळाने म्हणाला, "टिंकू सारखा एकच इचारे. पॅनेल कोनं बदललं, पॅनेल कोनं बदललं. मी म्हनलो, मले माहीत नाही. जेवढ्या बार म्हनलो तेवढ्या बार मारलं. माहीत असतं त सांगून नसतो देल्लो का बे? डोळा कोनाले नको आहे?"

मोसंबी सोलून दिली. साल एका तुकड्यात काढली. परत आलो.

१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

दुपारी मागच्या दाराने गोंदियाचे तिघे आले. सेठची माणसं. त्यातल्या एकाने माझा डावा हात गल्लीकडच्या शटरखाली ठेवला आणि त्यावर पाय दिला. दुसऱ्याने शटर धरलं. "बोल, उदाराम ने चुराया ना पैनल? थाने में बोलेगा ना?"

मी म्हणालो, मला माहीत नाही. शटर खाली आलं. मोनूही हेच म्हणाला होता, पण त्याचं खरं होतं. दुसऱ्यांदा शटर आलं तेव्हा मधल्या दोन बोटांची नखं निघाली. मी ओरडलो, पण सांगितलं नाही. त्यांना वाटलं मी भाऊंना वाचवतो आहे. त्यांच्यातला एक म्हणाला, "वफादार है साला."

तिथून ते पुढच्या दाराने शोरूममध्ये गेले. टिंकू धनत्रयोदशीच्या गिऱ्हाइकांना लाल डबे काढून देत होता. त्याला डब्यांच्या थप्पीवर लोटलं आणि थप्पीवरून फरशीवर ओढलं. त्याचं डोकं फरशीवर वाजताना मी मोजत होतो. हे मोजल्याची लाज वाटते. मला आत कुठेतरी बरं वाटत होतं, त्याचीही वाटते.

पोलीस आले. दोन्ही शोरूम बंद. ऐन दिवाळीत.

१९ ऑक्टोबर

डावा हात बांधलेला. उजव्याने लिहितो, ते ठीक आहे.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

आज समजूत झाली. नागपूरचा वितरक आला होता. मला आजच कळलं की लाल आणि निळा दोन्ही माल त्याच्याच गोदामातून देवरीला येतो. तो म्हणाला, दोन्ही दुकानं बंद राहिली तर दोघांचाही माल दुसऱ्याला देईन. भाऊंच्या शोरूममध्ये गादी घातली होती. सेठ पहिल्यांदाच रस्ता ओलांडून आले. मी चहा देत होतो.

सेठ म्हणाले, "छोड़ो उदाराम. पैनल तो एक ही फैक्टरी का है, मुझे बरसों से मालूम है. अब ये ग्राहक को थोड़े ही बोलना है."

भाऊ हसले. "मले का माहीत नाही वाटते?"

माझ्या हातात ट्रे होता. दोघांनाही माहीत होतं! बॅनर लावला तेव्हा, बांबू फिरला तेव्हा, टेबल मांडलं तेव्हा.

मग दोष कोणाचा ते ठरवायचं होतं. टिंकूवर केस आहे, सेठच्या माणसांवर केस आहे. वितरक म्हणाला, कोणीतरी एक पाहिजे. सेठ म्हणाले, "मोनू ने ही किया होगा. भंगार का पीस उसी के पास था." ठरलं. मोनूने चोरून पॅनेल बदललं, दोन दुकानांत लावून दिलं. त्याला कामावरून काढायचं. दवाखान्याचं कोणीही द्यायचं नाही. तो केस मागे घेईल, नाहीतर त्याच्यावरच चोरीची टाकायची. यापुढे देवरीत त्याला कोणी टीव्हीला हात लावू देणार नाही.

भाऊंनी मला विचारलं, "गजू, तू त होताच. मोनूनंच केलं ना?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी शेवटचा कप वितरकासमोर ठेवला.

मी म्हणालो, "हो भाऊ."

सेठने भाऊंच्या तोंडात पेढा घातला. एक मलाही दिला. मी खाल्ला.

२२ ऑक्टोबर

स्वप्नात स्टँड माझ्या हातात होता. समोर टिंकू नव्हता, मोनू होता, आणि मी टोकं मोजून मारत होतो.

२४ ऑक्टोबर, दुपारी ४.३०

मोनूच्या गावाला आलो आहे. इथे आज मंडई आहे, दिवाळीनंतरची जत्रा. दंडारीच्या नाचाचा ढोल वाजतो आहे, रस्त्यावर जिलेबी आणि उसाची दुकानं. गावाबाहेरच्या पुलावर बसून लिहितो आहे. वही पिशवीतच असते.

आधी भाऊंना फोन केला. सांगितलं — पॅनेल मी बदललं, भंगाराचं, मोनूला काही माहीत नव्हतं. भाऊंनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "आता कायले सांगून रायला बे? इवाई मानला, सेठ मानला. गप राय. खोली खाली करजो."

सेठला फोन केला. "अब बोल के क्या फायदा, बेटा? दिवाली तो हो गई."

म्हणजे त्या दोघांसाठी संपलं. मोनू चोरच राहणार. त्याला वाटतं हे कोणा तिसऱ्याने केलं आणि कधीतरी तो सापडेल. दवाखान्यातून त्याने मला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा म्हणाला, "तू तथी आहेस, जरा पायजो बे, कोन होय तो."

इथून त्याचं घर दिसतं. तो ओसरीत खाटेवर बसला आहे, पट्टी बांधलेली. पुलाकडची वाट त्याच्या डाव्या बाजूने जाते. तिकडून गेलो तर अगदी जवळ जाईपर्यंत मी त्याला दिसणार नाही.

समोरून जातो.

३० ऑक्टोबर

डाव्या हाताने लिहितो आहे. नखं अजून आली नाहीत. अक्षर वाकडं आहे, पण चूक नाही, तपासलं.

मोनूने सगळं ऐकून घेतलं. भूमिकाला आत जायला सांगितलं. खाटेखालून स्टँड काढला, त्याच्या कामाचा, लोखंडी. विचारलं, "कोन्त्या हातानं बदललास?" मी उजवा उंबऱ्यावर ठेवला. तो तीनदा मारून थांबला. मग बसला आणि रडला. गोंदियाला त्यानेच नेलं, मोटरसायकलवर. उजवीकडचं त्याला दिसत होतं. डावीकडून काही आलं की मी मागून सांगत होतो. डॉक्टरांनी विचारलं, कशाने झालं? मोनू म्हणाला, टीव्ही पडला.

खर्च — पेट्रोल २००, एक्स-रे ४५०, प्लास्टर १८००.

देणं — मोनूला एक डोळा. हात त्यातून वजा करायचा का, विचारलं. म्हणाला, "आंधी जुडू दे. मंग पाहू."